उद्योगखाते : कारखाना कुठे काढायचा, हे ठरवणारे खाते



पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल देहूरोड सोडते, बेगडेवाडी घेते आणि तळेगावच्या अलीकडे घोरावाडीला घटकाभर थांबते. स्टेशन लहान. पण इथे चढणारी-उतरणारी माणसे जरा नीट पाहा. कोणी दुधाची किटली घेऊन आलेला असतो, कोणी कॉलेजला निघालेला असतो, तर कोणी रात्रपाळी करून, डब्याची पिशवी खांद्याला लावून घरी परतत असतो. एकाच घरात बाप भातखाचरात आणि मुलगा कारखान्यात, अशी घरे या पट्ट्यात आता शेकड्यांनी सापडतील. हे कसे घडले? आपोआप घडले की कोणी घडवले? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, म्हणजे आपण राज्य सरकारच्या उद्योगखात्याच्या दारात येऊन उभे राहतो.

शाळाखाते आपल्याला माहीत असते, महसूलखाते तर फारच माहीत असते. उद्योगखात्याशी मात्र आपली गाठ सहसा एकाच दिवशी पडते. गावात मोजणीची माणसे येतात, आणि पारावर बोलणे सुरू होते, ‘‘एमआयडीसी येणार म्हणतात.’’ त्या दिवशी या खात्याची माहिती करून घ्यायला गेले, तर फार उशीर झालेला असतो. म्हणून आज निवांतपणी ती करून घेऊ.

प्रथम एक घोटाळा दूर करू. उद्योगखाते म्हणून आपण ज्याला म्हणतो, ते एक नसून तीन आहेत. मंत्रालयात बसून धोरण ठरवतो तो उद्योग विभाग. ते धोरण जिल्ह्याजिल्ह्यांत राबवते ते उद्योग संचालनालय. त्याच्या प्रमुखाला विकास आयुक्त (उद्योग) म्हणतात. आणि जमीन घेऊन, तिच्यावर रस्ते-पाणी करून ती कारखानदाराला देते ते औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी. घरात जसा एक कर्ता असतो, एक कारभार पाहणारा असतो आणि एक शिवारात उभा राहून काम करून घेणारा असतो, तसेच हे समजा. अर्ज कोणाकडे करायचा हे कळायला हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

आता थोडे मागे जाऊ. खाते नव्हते, त्या काळात मावळात व्यापार-उद्योग नव्हता काय? चांगला होता. कोकणच्या बंदरांतून घाट चढून वर येणारी वाट मावळातूनच जाई. कार्ले आणि भाजे येथील लेणी त्या वाटेवर उभी आहेत. कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत; त्यांत वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी आहे. एवढ्या दूरचा सावकार इथे दान देतो, याचा अर्थ त्याचा माल या वाटेने जात असला पाहिजे. घोरावाडीजवळच्या घोरावडेश्वराच्या डोंगरातही अशीच जुनी लेणी आहेत. पलीकडे देहू. तुकोबांचे घराणे वाणसवदा करणारे आणि पेठेची महाजनकी सांभाळणारे होते, हे आपण सारे जाणतो. तेव्हा वाट, पेठ आणि माल या तीन गोष्टी मावळाला नव्या नाहीत.

नवे आले ते इंग्रजी अमलात, आणि रुळांवरून आले. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि बोरघाटाची चढण १८६३ साली पूर्ण झाली. मुंबई आणि पुणे एका दोरीत ओवले गेले. ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा, कारण पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत कारखाने कुठे निघाले याचे निम्मे उत्तर या दोरीत आहे.

या मार्गावरच तळेगावला १९०८ साली पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. ही कथा शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी कल्पना काढली की, देशातल्या प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या पैशातून देशी उद्योग उभे करावेत. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला पाठबळ दिले. जपानला जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांची या कामात मदत झाली. सरकारी खाते नाही, अनुदान नाही, सवलत नाही. लोकांच्या पैशा-पैशातून भट्टी पेटली. इथे नुसत्या काचेच्या वस्तू झाल्या नाहीत, काचेचे काम जाणणारे कारागीरही तयार झाले.

त्याच सुमारास मावळाने दुसरा एक अनुभव घेतला. लोणावळ्याच्या परिसरात टाटांनी धरणे बांधली, सह्याद्रीवर पडणारे पाणी कोकणच्या बाजूला खोपोलीला सोडले आणि १९१५ साली त्यातून वीज निघू लागली. ही वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. पुढे शेजारच्या मुळशीत अशाच धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट हे नाव घरोघर पोचले. विजेचे महत्त्व कोणी नाकारले नव्हते. प्रश्न एवढाच होता की, जमीन कोणाची बुडते आणि दिवा कोणाकडे लागतो? मंडळी, प्रादेशिक विकास हा शब्द त्या वेळी कोणी वापरत नव्हते. पण त्या शब्दाचा सगळा अर्थ या प्रश्नात आहे.

आता सरकारकडे वळू. इंग्रज सरकारचे धोरण बराच काळ असे होते की, उद्योगधंदा हे व्यापाऱ्यांचे काम, सरकारने त्यात पडू नये. पहिल्या महायुद्धाने हा भ्रम उतरवला. समुद्रमार्ग अडले, विलायती माल येईना, आणि साध्यासुध्या वस्तूंवाचून अडू लागले. तेव्हा सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली १९१६ साली औद्योगिक आयोग नेमला गेला. पंडित मदनमोहन मालवीय त्याचे सभासद होते आणि त्यांनी आपले वेगळे मत स्वतंत्र टिपणाने नोंदवले. १९१८ च्या अहवालात आयोगाने सांगितले की, सरकारने उद्योगवाढीत भाग घ्यावा आणि प्रत्येक प्रांतात उद्योगखाते असावे. १९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांतली खाती राखीव आणि सोपीव अशी विभागली गेली. उद्योगवाढ हा विषय सोपीव ठरला, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभेला जबाबदार असलेल्या मंत्र्याकडे आला. हा मोठा बदल होता खरा. पण मंत्र्याच्या हाती किल्ली आली, तरी तिजोरी मात्र राखीव खात्याकडेच राहिली. त्यामुळे हातमाग, चर्मोद्योग, तांत्रिक शिक्षण अशा किरकोळ कामांपलीकडे खात्याची मजल फारशी गेली नाही.

त्या काळात जे मोठे काम झाले, ते खात्याबाहेर झाले. औंध संस्थानच्या राजांनी जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. वालचंद हिराचंद यांनी १९२७ साली महाराष्ट्र व्यापारी मंडळ, म्हणजे महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, उभे केले. १९३४ साली पुण्यात मराठा चेंबर निघाले. मुंबई सरकारने १९३८ साली आर्थिक व औद्योगिक पाहणी समिती नेमली, तिचा अहवाल १९४० मध्ये आला. पण तोवर दुसरे महायुद्ध पेटले होते.

स्वातंत्र्य आले, आणि चित्र पालटले. इथे राज्यघटनेतली एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यामुळे पुष्कळ गैरसमज होतात. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची सूची वेगळी आणि राज्याची सूची वेगळी आहे. उद्योग हा विषय राज्याकडे आहे. पण संसदेने राष्ट्रहितासाठी जे उद्योग आपल्या नियंत्रणाखाली घेतले, ते सोडून. राज्यातल्या राज्यात चालणारा व्यापार, बाजार आणि जत्रा राज्याकडे. परदेशाशी व्यापार केंद्राकडे. १९५१ साली संसदेने उद्योगांच्या विकास-नियमनाचा कायदा केला आणि मोठा कारखाना काढायला दिल्लीचा परवाना लागू लागला. मग राज्याच्या हाती राहिले काय? जमीन, पाणी, वीज, रस्ता. ऐकायला हे थोडे वाटते. पण शेतकऱ्याला विचारा, या चार गोष्टी ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळे शिवार!

केंद्राने १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा कारखाना काढला. रेल्वे शेजारी, पुणे जवळ, मुंबई फार लांब नाही. जागा बरोबर हेरली होती. पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर पडलेली ही पहिली मोठी ठिणगी.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. नव्या राज्यापुढे पहिल्याच दिवशी एक अवघड गणित होते. राज्याचे कारखाने प्रामुख्याने मुंबईत आणि तिच्या भोवती साठले होते. मुंबईत माणसाला राहायला जागा नाही, आणि विदर्भ, मराठवाडा, कोकणात हातांना काम नाही. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. उद्योग मुंबईबाहेर पसरवले पाहिजेत, हे त्यांच्या सरकारने धोरण म्हणून स्वीकारले. बोरकर समितीच्या शिफारशींवरून १ ऑक्टोबर १९६० रोजी औद्योगिक विकास मंडळ स्थापन झाले, त्याने कायद्याचा मसुदा केला, आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ विधिमंडळाने मंजूर केला. त्या कायद्यानुसार १ ऑगस्ट १९६२ रोजी महामंडळ जन्माला आले. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये यशवंतरावांच्या उपस्थितीत छोटासा समारंभ झाला.

या महामंडळाची युक्ती साधी आहे. कारखानदाराला गावोगाव फिरून, पन्नास खातेदारांशी बोलून जमीन गोळा करावी लागली तर तो कंटाळून मुंबईतच राहील. म्हणून सरकारनेच जमीन एकत्र घ्यावी, भूखंड पाडावेत, रस्ते करावेत, नदीवरून नळ आणावा, विजेची सोय करावी आणि मग तयार भूखंड ठरलेल्या दराने द्यावा. भूखंड विकत मिळत नाही, तो साधारण ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. हे वाक्य नीट ऐका. शेतकऱ्याची मालकी कायमची जाते. ती कारखानदाराकडे जात नाही, महामंडळाकडे जाते. कारखाना बंद पडला म्हणून जमीन मूळ मालकाच्या नावे परत चढत नाही.

नुसती जागा देऊन कारखानदार लांब जाणार नाही, हेही सरकारला कळत होते. म्हणून १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना निघाली. मुंबई-ठाणे-पुणे या भरलेल्या पट्ट्याबाहेर जो कारखाना काढील त्याला सवलती. जितका भाग मागासलेला तितकी सवलत जास्त, असे हे तत्त्व पुढे वाढत गेले आणि तालुक्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी झाली. १९६६ साली भांडवल पुरवणारे सिकॉम हे महामंडळ निघाले. पुढच्या काही वर्षांत मराठवाडा, विदर्भ, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास महामंडळेही निघाली.

मग विकास सगळीकडे सारखा झाला का? नाही झाला. इथे मला एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न आठवतो. ते म्हणाले, ‘‘मास्तर, पाटाचं पाणी दोन्ही वाफ्यांना सोडलं, तरी उताराकडंच जास्त जातं ना?’’ याहून चांगले स्पष्टीकरण मला पुस्तकात सापडलेले नाही. बंदर मुंबईला, लोहमार्ग आणि हमरस्ता मुंबई-पुणे, इंजिनियरिंगची कॉलेजे पुण्याला, सुटे भाग बनवणारे पिंपरी-भोसरीला. उतार असा ठरलेला. सवलतीचा बांध घालून पाणी थोडे अडले. नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) अशा ठिकाणी चांगले थांबलेही. पण जिथे बांध कमी पडला, तिथून ते पुन्हा उताराला लागले.

राज्यकर्त्यांना ही जाणीव आधीपासून होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे आश्वासन दिले होते. घटनेच्या ३७१ व्या कलमात १९५६ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित भागासाठी विकास मंडळांची तरतूद झाली. परंतु ती कागदावर राहिली. १९८३ साली सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ साली आला. समितीने काय केले? रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, वीज अशा एकेका विषयात राज्याची सरासरी काढली, आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याची तूट किती रुपयांची हे मांडले. या तुटीला नाव मिळाले ‘अनुशेष’. तो एकूण सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र, तिघांच्याही वाट्याला अनुशेष होता. शेवटी १९९४ साली वैधानिक विकास मंडळे प्रत्यक्षात आली, आणि २०२० साली त्यांची मुदत संपली.

शिक्षक मित्रांनो, सरासरी या शब्दाबद्दल वर्गात दोन शब्द सांगा. पाच मुलांपैकी एकाच्या डब्यात दहा पोळ्या आणि चौघांचे डबे रिकामे, तर सरासरी दोन पोळ्या निघते. म्हणून चौघांचे पोट भरत नाही. पुणे जिल्ह्याची सरासरी काढा, जिल्हा श्रीमंत दिसतो. पण त्याच जिल्ह्यात मावळ आहे, आणि मावळातही तळेगावचा पट्टा निराळा, आणि आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातल्या डोंगरकडेच्या वाड्या निराळ्या. हिशेब जिल्ह्याचा मांडला की वाडी त्यात दिसेनाशी होते. अनुशेषाच्या चर्चेतली ही उणीव आहे. ती भरून काढायची, तर आपल्या गावाचे आकडे आपणच मांडले पाहिजेत.

खात्याच्या इतिहासात आणखी दोन वळणे आहेत. पहिले १९७८ चे. लहान धंदा करणाऱ्याने मुंबईचे खेटे घालू नयेत म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा उद्योग केंद्र सुरू झाले. दुसरे १९९१ चे. त्या वर्षी २४ जुलै रोजी केंद्राने बहुतेक उद्योगांचा परवाना रद्द केला. तोवर कारखानदार सरकारच्या दारात उभा असे. आता राज्येच कारखानदाराच्या दारात उभी राहू लागली. प्रत्येक राज्य म्हणू लागले, आमच्याकडे या, आम्ही जास्त देतो. महाराष्ट्राने २००१, २००६, २०१३ आणि २०१९ साली नवी औद्योगिक धोरणे आखली, सगळ्या परवानग्या एका खिडकीवर मिळाव्यात म्हणून ‘मैत्री’ हा कक्ष काढला आणि २०२३ साली त्याला कायद्याचा आधार दिला.

या नव्या काळाचे गोड-कडू दोन्ही अनुभव मावळाने घेतले. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. चाकण वाढले, तळेगावला औद्योगिक क्षेत्र झाले. जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना तिथे २००८ साली सुरू झाला. डिसेंबर २०२० मध्ये त्यातले उत्पादन थांबले, आणि कामगारांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०२३ साली ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. वेदांत-फॉक्सकॉन या कंपन्यांच्या सेमीकंडक्टर प्रकल्पासाठी तळेगावच्या जागेची बोलणी चालू होती. सप्टेंबर २०२२ मध्ये प्रकल्प गुजरातला गेल्याचे जाहीर झाले आणि राज्यात मोठा वाद झाला. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. यातून घ्यायचा धडा हा की, कारखाना येणे आणि जाणे या दोन्ही गोष्टी फार दूरच्या कचेऱ्यांत ठरतात. जमीन मात्र इथलीच असते.

आणि पाणी? ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी बांधव मृत्युमुखी पडले. शहराला पाणी हवे, कारखान्याला हवे, हे खरेच. पण ज्या खोऱ्यात पाऊस पडतो, तिथल्या माणसाशी आधी बोलायचे की नंतर, हा प्रश्न १९२१ मध्ये होता आणि नव्वद वर्षांनीही तोच होता. विकासाचा नकाशा आखताना ज्याची जमीन नकाशावर आहे, तो माणूस टेबलाशी नसेल, तर पुढे तो रस्त्यावर भेटतो.

सगळे काही कडूच आहे असे मात्र नाही. तळेगावलाच महामंडळाने फुलशेतीसाठी स्वतंत्र क्षेत्र केले. हरितगृहात पिकलेला मावळचा गुलाब दर साल जानेवारी-फेब्रुवारीत परदेशी जातो. वडगावच्या भात संशोधन केंद्राने काढलेला इंद्रायणी तांदूळ घराघरांत पोचला. लोणावळ्याची चिक्की तर गूळ आणि शेंगदाण्यावर उभा राहिलेला उद्योग आहे. अशा उद्योगात जमीन शेतकऱ्याच्या नावावर राहते आणि मालाला किंमतही येते. मोठ्या कारखान्याच्या बातमीपुढे या गोष्टी लहान दिसतात, म्हणून त्या विसरू नयेत.

आता कामाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, कोणते काम कोणाकडे. भाजीपाला-धान्याचा बाजार, आडत, तोलाई यांची तक्रार उद्योगखात्याकडे नेऊन उपयोग नाही. तो विषय पणन विभागाचा. त्याचा कायदा १९६३ सालचा आणि संस्था म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समिती. लहान कारखाना, गिरणी, मसाला, पापड, सुतारकाम, वेल्डिंग असे काही काढायचे असेल तर जिल्हा उद्योग केंद्र. तिथे प्रधानमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रम आणि मुख्यमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रम या योजनांची माहिती मिळते. त्यांत बँकेचे कर्ज आणि सरकारी अनुदान यांची जोड असते. अनुदान ऐकून धंदा काढू नका. धंद्याचा हिशेब बसतो का ते पाहा आणि मग अनुदान विचारा.

दुसरी, जमिनीची. महामंडळासाठी जमीन घ्यायची तर १९६१ च्या कायद्यातल्या पायऱ्या आहेत. आधी राजपत्रात सूचना निघून त्या क्षेत्राला संपादनाचे प्रकरण लागू होते. मग कलम ३२(२) ची नोटीस येते. ही नोटीस म्हणजे जमीन गेली असे नव्हे. ‘ही जमीन का घेऊ नये’ हे सांगण्याची ती संधी आहे, आणि तुमचे म्हणणे ऐकून घ्यावे असे कायदा म्हणतो. त्यानंतर ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात निघाली, की जमीन सरकारजमा होते. म्हणजे बोलायची खरी वेळ मधली आहे. पुष्कळ जण नोटीस घडी करून देवळीत ठेवतात आणि मुदत टळल्यावर वकील शोधतात. तसे करू नका. मुदतीत, लेखी, आणि पोच घेऊन म्हणणे द्या. विहीर, झाडे, घर, पाइपलाइन यांची नोंद त्यात लिहा. मोबदल्याची रक्कम वाटाघाटीने ठरू शकते. ती मान्य नसेल तर दाद मागण्याचा मार्गही कायद्यात आहे.

त्याला जोडून सातबारा. आजोबांचे नाव अजून उताऱ्यावर, चुलत्यांचे वाटप तोंडी, बहिणींची वारसनोंद नाही, अशी स्थिती असेल तर मोबदला घरात येण्याआधी भांडण घरात येते. कारखाना येवो न येवो, उतारा सरळ करून ठेवा. आणि मोबदला आला, तर तो एका पिढीचा नसतो. त्या जमिनीवर तुमची नातवंडेही जगली असती, त्यांच्या वाट्याचा पैसा त्यात आहे, हे ध्यानात ठेवून तो खर्च करा. नव्या गाडीला दर वर्षी पीक येत नाही.

तिसरी, नोकरीची. स्थानिकांना नोकऱ्या हे शब्द आपण नेहमी ऐकतो. शासनाच्या २००८ च्या निर्णयाप्रमाणे कारखान्यात ८० टक्के आणि पर्यवेक्षकांच्या जागांत ५० टक्के स्थानिक असावेत असे धोरण आहे. पण इथे स्थानिक म्हणजे गावचा नव्हे, राज्यात पंधरा वर्षे वास्तव्य असलेला. तेव्हा फाटकाशेजारी घर आहे म्हणून जागा राखून ठेवलेली असेल, या भरवशावर मुलाचे शिक्षण अर्धवट सोडू नका. आयटीआयचे प्रमाणपत्र फाटकाच्या आत नेते. नुसती ओळख कंत्राटदाराच्या खोलीपर्यंत नेते, आणि तिथेच सोडते.

चौथी गोष्ट शिक्षकांसाठी. सातवी-आठवीच्या मुलांकडून गावाचा एक तक्ता करून घ्या. किती घरे शेतीवर, किती कारखान्यावर, किती दोन्हींवर. गेल्या दहा वर्षांत किती जमीन विकली गेली. गावचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते. कोणत्या घरात काय हुन्नर आहे. हा तक्ता ग्रामसभेत लावा. दांडेकर समितीने राज्यासाठी जे केले, ते एका वाडीसाठी चार मुले करू शकतात. उद्या एखादा अधिकारी नकाशा घेऊन आला, तर गावाकडेही स्वतःचा कागद असेल.

साठ वर्षांपूर्वी हे खाते एका चांगल्या हेतूने वाढवले गेले. मुंबईत साठलेले काम महाराष्ट्रभर वाटावे, हा तो हेतू. अडीचशेहून अधिक औद्योगिक क्षेत्रे उभी राहिली, लाखो हातांना काम मिळाले, हे नाकारता येणार नाही. पण वाटप समान झाले नाही, आणि ज्यांनी जागा दिली त्यांना नेहमी न्याय मिळाला असेही नाही. खाते म्हणजे शेवटी एक अवजार आहे. नांगर कोणत्या रानात घालायचा हे नांगर ठरवीत नाही, धरणारा ठरवतो. लोकशाहीत ती मूठ मंत्र्याच्या हाती असते खरी, पण मंत्र्याला तिथे बसवणारे तुम्ही आहात. म्हणून पुढच्या वेळी गावात मोजणीची माणसे दिसली, तर घाबरून जाऊ नका आणि हुरळूनही जाऊ नका. कोणत्या कलमाखाली आलात, जमीन किती, पाणी कुठून घेणार, आणि आमच्या मुलांना कोणते काम, हे चार प्रश्न शांतपणे विचारा. आणि उत्तर लेखी मागा.